सिस्टरनं प्रश्न तुला विचारला होता

कावेरी,

सिस्टरनं प्रश्न तुला विचारला होता. उत्तर मी दिलं. "कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी? आधी कधी इंजेक्शननं काही त्रास झाला?" फॉर्मवरून मान वर न करता तिनं विचारलं. तू माझ्याकडं बघितलंस आणि तू तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "नाय सिस्टर, काहीच नाय. ठणठणीत पोरगी हाय." तिनं फॉर्मवर खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आईला नाही, दाजींना नाही, तुझ्या मामीलाही नाही. आज तुला जाऊन दीड महिना झाला. लोक येतात, बसतात, चहा पितात आणि म्हणतात, "कानाचं ऑपरेशन ते काय, त्यात कुठं माणूस जातं व्हय? डॉक्टरनंच घालवली पोरीला." मी मान हलवतो. कुठल्या बाजूला हलवतो हे कुणी नीट बघत नाही, आणि माझं त्यावर भागून जातं.

तुझ्याबद्दल गावात जे बोललं जातं ते मी इथं लिहिणार नाही. गुणी होती, कष्टाळू होती, वाडीतली पहिली पोरगी पोलीस झाली असती, हे सगळं श्रद्धांजलीच्या बॅनरवरही होतं. तू ते वाचलं असतंस तर म्हणाली असतीस, "मामा, ह्यो फोटू कुणी निवडला? त्याला आधी पकडा."

तू बारावी करून माझ्याकडं शहरात आलीस तेव्हा तुझ्या पिशवीत दोन ड्रेस होते आणि कानात कापसाचा बोळा. डावा कान तुझा लहानपणापासून वाहायचा. तुझी आई, माझी अक्का, त्यात कोमट तेल घालायची आणि तू मेंढरांमागं पळायला मोकळी व्हायचीस. मी शाळेत पीटी शिकवणारा माणूस. सकाळी मैदानावर पोलीस भरतीची पोरं-पोरी पळवतो, एवढीच माझी ओळख. पहिल्याच दिवशी माझी शिट्टी तुला ऐकू आली नाही आणि सगळ्या पोरी थांबल्यावर तू एकटी पळत राहिलीस. मी ओरडलो. तू जवळ येऊन शांतपणे म्हणालीस, "मामा, शिट्टी उजवीकडून वाजवत जा. डावीकडं आपलं दुकान बंद असतं." सगळं मैदान हसलं. त्या दिवसापासून मी उजवीकडं उभा राहायला लागलो. अजूनही राहतो. नवीन पोरी विचारतात, सर, ऊन तोंडावर घेऊन का उभं राहता?

तुझे उपकार मानायचे तर एक सांगतो. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला तू पुन्हा पळायला लावलंस. "तुमची नुस्ती शिट्टी पळती, तुम्ही नाय," असं सगळ्यांसमोर म्हणालीस आणि दुसऱ्या दिवशी मी रागानं तुझ्याबरोबर दोन राउंड मारले. तिसऱ्याला बसलो. तू पाण्याची बाटली घेऊन आलीस आणि म्हणालीस, "आज दोन. पुढच्या महिन्यात तीन. मी हाय ना." माझ्या घरात, माझ्या शाळेत, 'मी हाय ना' असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

आता ते इंजेक्शन.

मैदानावर तुझ्या टाचेत खिळा गेला. तू दोन दिवस लपवलंस. पाय पिकला तेव्हा मी तुला आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरसाहेबांकडं नेलं. मामी तेव्हा माहेरी होती. त्यांनी पू काढला, इंजेक्शन दिलं. आपण पैसे देऊन पायरी उतरतोय तोवर तू म्हणालीस, "मामा, तळहात लई खाजत्यात." मग ओठ सुजले. मग डोळे. तुझा आवाज बदलला, घशात कुणी बोळा कोंबल्यासारखा, आणि तू पायरीवरच खाली बसलीस. सत्तरीचा तो माणूस धावत बाहेर आला. त्यांनी तुला आडवं केलं, मांडीत दुसरं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि दुपारभर तुझ्या उशाशी बसून राहिले. बाकीचे पेशंट त्यांनी परत पाठवले. संध्याकाळी तू उठून बसलीस आणि पहिलं काय विचारलंस तर, "मामा, आज ग्राउंड बुडालं का?"

त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. औषधाचं नाव, त्याच्या जातीच्या बाकीच्या औषधांची नावं, खाली दोन रेघा. "मास्तर, ये चिठ्ठी संभालके रखना. बच्ची कहीं भी जाए, किसी भी दवाखाने में, पहले ये बताना. भूलना नक्को."

घरी येऊन ती चिठ्ठी मी तुझ्यादेखत फाडली.

का फाडली ते तुला सांगितलं होतं, पण अर्धंच. मी एकवीस वर्षांचा असताना भरतीत ग्राउंड मारलं होतं, लेखी मारली होती. शेवटच्या मेडिकलला डॉक्टरनं सहज विचारलं, लहानपणी कधी फिट आली होती का? मी म्हणालो, "एकदा. पाच वर्षांचा होतो, तापात." खरं ते सांगितलं. त्यानं लाल शाईनं काहीतरी लिहिलं आणि मला बाजूच्या रांगेत उभं केलं. बाजूची रांग घरी जायची होती. माझ्यापुढचा पोरगा, ज्याला महिन्याला फिट यायची, तो 'नाही' म्हणाला आणि आज तो जमादार आहे.

त्या दिवसापासून माझा एकच मंत्र. अंगात काही असो, कागद स्वच्छ पाहिजे. दवाखान्यात जा, बरे व्हा, पण कागद मागं ठेवू नका. वीस-बावीस वर्षं मी पोरांना हे शिकवलं. चष्मा लपवायला शिकवला, मोडलेला हात लपवायला शिकवला. त्यांची भरती झाली की ती पेढे घेऊन यायची आणि माझ्या पाया पडायची. मला वाटायचं, मी पोरांचं भलं करतोय. तुलाही तेच शिकवलं. "आईला बी सांगू नको," म्हणालो, "ती बाजारात जाऊन चार बायकांना सांगंल." तू नाही सांगितलंस.

मग कान. पुढची भरती निघायला अवकाश होता, तेवढ्यात कानाचा पडदा शिवून घेऊ, असं मीच म्हणालो. पडद्याला भोक असलं की मेडिकलला बाद, हे मला माहीत होतं. डॉक्टर म्हणाले, साधं ऑपरेशन आहे, पूर्ण भूल देऊन करू, दुसऱ्या दिवशी घरी. अक्का घाबरली. मी तिला फोनवर म्हणालो, "अक्का, माझ्यावर सोड." तिनं सोडलं.

सिडकोतून रिक्षानं आपण निघालो त्या सकाळचं बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"मामा, त्या इंजेक्शनचं सांगायचं ना?"

"कशाला?"

"अवो, ते डॉक्टरसाहेब म्हणले व्हते ना, जिंदगीभर सांगायचं म्हणून."

"ते टाचेचं व्हतं. हे कानाचं ऑपरेशन हाय."

"मग ऑपरेशनात काय भजे देत्यात का? इंजेक्शनच देत्यात की."

रिक्षावाला हसला. मला राग आला. मी म्हणालो, "तू डॉक्टर हायस का मी?"

"दोघं बी नाय. म्हणून तर म्हणते."

मग मी तुला समजावलं. ऑपरेशनची फाईल मेडिकलला लावावी लागते. त्या फाईलवर लाल शाईत काही लिहून आलं की तू बाजूच्या रांगेत. एवढं पळलीस, एवढ्या पहाटे उठलीस, ते सगळं एका ओळीसाठी घालवायचं का? क्रांती चौकाच्या सिग्नलला म्हणालीस, "बरं. तुम्ही म्हणताल तसं."

हा वाद आपला तिथंच राहिला. तू हरली नव्हतीस, तू मला मान दिलास. त्यातला फरक मला तेव्हा कळला नाही.

वॉर्डात सिस्टरनं विचारलं आणि मी ते उत्तर दिलं. खाली सही केली. मग तिनं तुझ्या हातावर बारीक सुई टोचून चाचणी केली, पेननं गोल काढला आणि थोड्या वेळानं येऊन बघितलं. काही उठलं नव्हतं. मी तुझ्या कानाशी, उजव्या, वाकून म्हणालो, "बघ. गेलं ते. उगं घाबरत व्हतीस." तू हसलीस. मोकळं हसलीस. मला वाटलं, देवानंच माझी बाजू घेतली.

हिरवा गाऊन घालून तू स्ट्रेचरवर बसलीस. आडवी हो म्हटलं तर म्हणालीस, "मी काय म्हातारी हाय का?" चपला माझ्याकडं दिल्यास आणि दार बंद होता होता म्हणालीस, "मामा, मी नाय म्हणून राणीला पुढं पळू देऊ नका. लई माजंल ती."

सकाळचे अकरा वाजायचे होते. कॉरिडॉरमध्ये उन्हाचा चौकोन पडला होता, मी त्यात पाय ठेवून बसलो होतो. अर्ध्या तासात दार उघडलं आणि भूल देणाऱ्या डॉक्टरबाई धावत बाहेर आल्या. तरुण बाई, तिशी-पस्तिशीच्या. "कावेरीचे कोण? हिला आधी कधी कुठल्या औषधानं काही झालं होतं? काहीही. पटकन सांगा."

मी म्हणालो, "नाही."

या दुसऱ्या 'नाही'ला भरती नव्हती, फाईल नव्हती, लाल शाई नव्हती. 'हो' म्हटलं असतं तर तासाभरापूर्वीची माझी सही खोटी ठरली असती, एवढंच. एवढ्याशासाठी मी तुझ्या जिवाची माहिती तोंडात धरून बसलो. त्या आत पळाल्या. त्या उत्तरानं काही बदललं असतं का, हे मला माहीत नाही. विचारायला तोंड लागतं.

दुपारी एकच्या सुमाराला त्यांनी मला खोलीत बोलावलं. मोठे डॉक्टर बोलत होते. कानाला हात लावायच्याही आधी, अँटिबायोटिकनंतर लगेच बीपी पडलं, श्वासनळ्या आवळल्या, अंगभर लाल चट्टे आले, औषधाची तीव्र रिअ‍ॅक्शन दिसते, दीड तास प्रयत्न केले. डॉक्टरबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. टोपी काढलेली, केस कपाळाला चिकटलेले. त्या माझ्याकडं बघत होत्या, आणि मला वाटलं यांना कळलं. पण नाही, त्या रडत होत्या.

तीनपर्यंत वैजापूरकडून वाडीच्या लोकांच्या दोन जीपा आल्या. दाजी गाडीतून उतरले ते सरळ फरशीवर बसले. बोलणारे दुसरेच होते. "भायेर काढा त्या भुलीवालीला!" कुणीतरी काउंटरची काच फोडली. डॉक्टरबाई बाहेर आल्या, त्यांना मागून ओढत होते तरी आल्या. म्हणाल्या, "आम्ही विचारलं होतं. आम्ही चाचणी केली होती." तुझ्या चुलतभावानं त्यांना जी शिवी दिली ती मी इथं लिहीत नाही. मी तिथंच होतो. तुझ्या चपला माझ्या हातात होत्या. सगळ्यांना वाटलं, मामाला धक्का बसलाय, म्हणून बोलत नाही.

आणि आता जे सांगतो ते सगळ्यांत वाईट. दशक्रिया विधीच्या दिवशी दाजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू शिकलेला हायस. तू व्हतास तिथं. खरं सांग, त्यांनी सगळं नीट विचारलं व्हतं का?"

मी म्हणालो, "नीट नसंल विचारलं. घाईत व्हते."

त्यावर तक्रार झाली. दवाखान्यानं तो फॉर्म पुढं केला, सिस्टरची खूण आणि खाली माझी सही. गाव म्हणालं, कागद मागून बनवला. दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "कायकाय कागदांवर सह्या घेतल्या, ध्यानात नाय." एका वाक्यात मी त्या डॉक्टरबाईंना चोर केलं. त्या आता कामावर येत नाहीत म्हणतात. चौकशी चालू आहे.

कधी कधी मला तुझा राग येतो. येऊ दे, खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहितो. एवढी तोंडाळ पोरगी तू, मैदानावर मला घालूनपाडून बोलणारी, शिट्टीची जागा बदलायला लावणारी, त्या एका मिनिटाला का गप्प बसलीस? 'नाय सिस्टर, मामा खोटं बोलतोय' एवढंच म्हणायचं होतं. मी चिडलो असतो, चार दिवस बोललो नसतो. मग तू काहीतरी बोलून मला हसवलं असतंस. एवढंच झालं असतं. पण हा राग फार टिकत नाही. तुला गप्प बसायला कुणी शिकवलं, हे मला माहीत आहे. त्या एका बाबतीत तू माझी सगळ्यांत चांगली शिष्य निघालीस.

महिन्याभरापूर्वी माझा एक जुना पोरगा भेटायला आला. आता शिपाई आहे, पडेगावला राहतो. बोलता बोलता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, एखाद्याला औषधाची अ‍ॅलर्जी असली तर भरतीत बाद करतात का रे? तो म्हणाला, "नाय सर, त्यानं कोण बाद करतंय? माझ्याच बॅचला एक जण हाय, त्याच्या कार्डावर लाल अक्षरात लिहिलंय, हे इंजेक्शन देऊ नका म्हणून. उलट बरं असतं ते." मी त्याला चहा घे म्हणालो. ज्या नियमाच्या भीतीनं मी तुला गप्प केलं, तो नियम मी कधी कुठं वाचलाच नव्हता. कुणाला विचारलाही नव्हता.

गल्लीतल्या डॉक्टरसाहेबांच्या दारावरून मी आता जात नाही. पण परवा ते मशिदीकडून येताना समोरच आले. "क्या मास्तर, बच्ची कैसी है? दौडती के नै?" दोन महिने ते शहरात नव्हते, त्यांना माहीत नाही. मी म्हणालो, "दौडती है." काय करू, तेही खोटंच निघालं तोंडातून. ते खूश झाले. म्हणाले, "चिठ्ठी संभालके रखी ना?"

त्यानंतर मी त्या डॉक्टरबाईंकडं गेलो. घराचा पत्ता काढला, गारखेड्यात राहतात. दार त्यांनीच उघडलं. मला वाटलं, हाकलून देतील. त्यांनी आत घेतलं, पाणी दिलं आणि माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "मी रोज तो दिवस पहिल्यापासून तपासते. कुठं चुकलं ते मला सापडत नाही."

मी विचारलं, "मॅडम, ती हातावरची चाचणी... तिच्यात आलं नव्हतं ना काही?"

"चाचणी दर वेळी पकडतेच असं नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आम्ही विचारतो. पेशंटनं आधीचं काही सांगितलं, तर ते औषध आम्ही हातातच घेत नाही. दुसरी औषधं असतात."

दुसरी औषधं असतात. इतक्या साधेपणानं म्हणाल्या. मी ग्लास खाली ठेवला. सांगायलाच गेलो होतो गं. जिन्यावर वाक्य जुळवून गेलो होतो. पण त्या मध्येच म्हणाल्या, "तुम्ही आलात, बरं वाटलं. तिच्या घरचं कुणी माझ्याशी बोलेल असं वाटलं नव्हतं." आणि मग माझ्यानं झालं नाही. मी नमस्कार करून उठलो.

आता येत्या गुरुवारी चौकशीत माझा जबाब आहे. दाजींनी वकिलाला सांगितलंय, मामा सगळं सांगंल, तो व्हता तिथं. डॉक्टरबाई समोर असतील. अक्का येणार आहे. कालच तिचा फोन आला होता. "त्या बाईला सोडू नको रे," म्हणाली. मग म्हणाली, "पोरगी घाबरली व्हती का रे आत जाताना?" मी म्हणालो, "नाय अक्का, हसत गेली." एवढं एक तरी मी तिला खरं सांगितलं.

हे सगळं लिहून काढताना मला जरा हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याचीच मला शिसारी आली. हे मी पेपरला पाठवतोय; उद्या छापून येईल, शाळेतले लोक वाचतील, दाजींना कुणी वाचून दाखवील, मला काय बोलायचं ते बोलतील. पण अक्काला वाचता येत नाही, कावेरी. म्हणूनच मी लिहायला धजलो, हे तुला कळलंच असेल. कागदावर खरं बोलणं मला आता जमलं. तोंडानं बोलायचं राहिलंय, आणि आयुष्यभर मी जे खोटं बोललो ते सगळं तोंडानंच बोललो.

गुरुवारच्या आत मला वाडीला जायचं आहे. अक्कासमोर बसून, तिच्याकडं बघत, सांगायचं आहे की सिस्टरनं विचारलं होतं, तुझी पोरगी सांगणार होती, आणि मी तिला बोलू दिलं नाही. मग तेच गुरुवारी डॉक्टरबाईंसमोर सांगायचं आहे, ती सही माझी आहे आणि ती मी ऑपरेशनच्या आधीच केली होती. एवढं मी तुला देणं लागतो. त्यातलं अजून काहीच मी दिलेलं नाही.